मुलांना न्यायचं तर रविवारी

लंडनच्या नॉटिंग हिल कार्निव्हलला, म्हणजे रविवार-सोमवार रस्त्यावर चालणाऱ्या कॅरिबियन उत्सवाला, मुलांना न्यावं का, असं एकांनी विचारलंय. जरूर न्या, पण रविवारी. तो कुटुंबांचा दिवस. सोमवारी गर्दी जास्त, बाबागाडी विसराच. जवळचं लॅडब्रोक ग्रोव्ह स्टेशन दोन्ही दिवस बंद असतं, तेव्हा चालायची तयारी ठेवा. साउंड सिस्टिमच्या, म्हणजे रचलेल्या स्पीकरांच्या, भिंतींपासून लांब राहा (आपला डीजे परवडला!), स्टीलपॅन हे पिंपाचं वाद्य मात्र जवळून ऐका. तेलाच्या पिंपातून इतका नितळ सूर निघतो!

आणि कार्निव्हल म्हणजे 'नुसता धांगडधिंगा' हे कुणीतरी म्हटलंय, ते काही पटलं नाही. त्रिनिदादमध्ये जन्मलेल्या पत्रकार क्लॉडिया जोन्स यांनी नॉटिंग हिलमधल्या १९५८ च्या वांशिक दंगलींनंतर, जानेवारी १९५९ मध्ये, लंडनच्याच सेंट पँक्रस टाउन हॉलमध्ये कॅरिबियन कार्निव्हल भरवला, तो दंगलीला उत्तर म्हणूनच. रस्त्यावरचा उत्सव नंतरचा, १९६६ च्या सुमाराचा.