रेपो दरातील कपातीचा बीडसारख्या जिल्ह्याच्या रोजगारावरील परिणाम कसा मोजावा?

बालाघाट_वाचक

नमस्कार. मी अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षाला असून लघुप्रबंधासाठी बीड जिल्हा निवडला आहे. रिझर्व्ह बँकेने मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या दराने अल्पमुदतीचे कर्ज देते तो दर, ४ टक्क्यांवरून ६.५० टक्क्यांवर नेला आणि फेब्रुवारी ते डिसेंबर २०२५ या काळात तो ५.२५ टक्क्यांपर्यंत खाली आणला. या चढउताराचा जिल्ह्यातील रोजगारावर आणि मजुरीवर काय परिणाम झाला, हे मोजण्याचा माझा बेत आहे. जिल्हावार ठेवी आणि कर्जे यांची आकडेवारी रिझर्व्ह बँक दर तिमाहीला प्रसिद्ध करते. तिची सांगड रोजगार आणि बेकारी मोजणाऱ्या सरकारी नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणाशी घालता येईल, असे मला वाटत होते. मात्र माझ्या मार्गदर्शकांनी पहिल्याच बैठकीत विचारले की, दर जर देशभर एकच आहे, तर एक जिल्हा निवडून साधणार काय? या आक्षेपाला उत्तर आहे की विषयच बदलावा, याबद्दल जाणकारांनी मत द्यावे ही विनंती.

जुना_शाखाधिकारी

अग्रणी बँकेच्या, म्हणजे जिल्ह्यातील बँकांच्या कामाचा समन्वय साधणाऱ्या बँकेच्या, जिल्हा कार्यालयात मी बरीच वर्षे काढली आहेत, म्हणून सिद्धांत बाजूला ठेवून कर्जखात्यापासून सुरुवात करतो. दर एकच असला, तरी जिल्ह्यातील किती कर्ज त्या दराच्या तालावर चालते, हे प्रत्येक जिल्ह्यात वेगळे असते, आणि बीडमध्ये ते प्रमाण फार मोठे असेल असे मला वाटत नाही.

१ ऑक्टोबर २०१९ पासून व्यापारी बँकांना घरकर्जासारखी किरकोळ कर्जे आणि सूक्ष्म व लघुउद्योगांची कर्जे, ती बदलत्या दराची असल्यास, रेपोसारख्या बाह्य निकषाशी जोडणे बंधनकारक झाले, आणि त्या दराची फेरआखणी तीन महिन्यांतून निदान एकदा करावी लागते. ग्रामीण बँका मात्र या नियमातून वगळलेल्या आहेत. जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक आणि नागरी सहकारी बँका यांनाही तो लागू नाही. पतसंस्था तर सहकार खात्याच्या अखत्यारीत येतात, त्यांच्या दराशी रेपोचा थेट संबंधच नाही. बायकांच्या गटांना छोटी कर्जे देणाऱ्या सूक्ष्मवित्त कंपन्यांचा दर साधारणपणे वीस टक्क्यांच्या पुढे असतो. तिथे सव्वा टक्क्याची कपात पोचली, तरी गटातील बाईला हप्त्यात ती जाणवणार नाही.

राहिले पीककर्ज. तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जावर सात टक्के दर, मुदतीत फेडल्यास केंद्राची तीन टक्के सवलत आणि उरलेल्या व्याजासाठी राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना, असा हिशेब असल्याने नियमित फेड करणाऱ्याला व्याज पडतच नाही. त्याच्या लेखी रेपो साडेसहा काय आणि सव्वापाच काय! त्याला चिंता असते ती कर्ज मिळेल की नाही आणि पेरणीच्या आत मिळेल की नाही, याची.

आकडे वापरताना एक काळजी घ्यावी. मार्चअखेरीस कुठून तरी पैसे उभे करून जुने कर्ज भरायचे आणि आठवडाभरात तेच वाढीव मर्यादेसह पुन्हा उचलायचे, हे ‘नवे-जुने’ सर्रास चालते. त्यामुळे एप्रिल ते जून या तिमाहीतील कर्जवाटपाचा आकडा फुगलेला दिसतो, पण शेतात त्यातला नवा पैसा थोडाच गेलेला असतो. बँकप्रकारानुसार जिल्हावार आकडे राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीच्या टिपणांत मिळतील; ती मुळातून वाचावीत.

आलेख_आणि_अंदाज

शाखाधिकारी साहेबांनी जे सांगितले त्यातच मार्गदर्शकांच्या आक्षेपाचे उत्तर आहे. फक्त ते संशोधनाच्या भाषेत मांडावे लागेल. दर सर्वत्र एकच असल्यामुळे एकट्या बीडकडे पाहून काहीच सिद्ध होत नाही. २०२५ मध्ये बीडमध्ये रोजगार वाढला, तर तो दरामुळे वाढला की चांगल्या पावसामुळे, हे सांगणार कसे? म्हणून अनेक जिल्हे घ्यावे लागतात आणि दर बदलण्यापूर्वी प्रत्येक जिल्हा त्या दराला किती उघडा होता, म्हणजे दर बदलल्याची झळ किंवा लाभ त्याला किती पोचू शकत होता, याचे माप आधी ठरवावे लागते. मग प्रश्न असा होतो की, अधिक उघड्या जिल्ह्यांत रोजगार अधिक हलला का?

या पद्धतीचे जुने उदाहरण अमेरिकेतील आहे. कार्लिनो आणि डिफिना यांनी १९९८ मध्ये दाखवले की, एकाच मध्यवर्ती बँकेने दर वाढवला असता पंचमहासरोवरांभोवतीच्या कारखानदारी प्रदेशाला सरासरीपेक्षा मोठा फटका बसतो आणि नैर्ऋत्येकडील राज्यांना कमी बसतो. विशेष म्हणजे, लहान बँकांवर अवलंबून असलेले प्रदेश अधिक होरपळतील ही अपेक्षा त्यांच्या आकड्यांनी खरी ठरवली नाही; उद्योगांची रचनाच निर्णायक ठरली. बीडचा विचार करताना हे ध्यानात ठेवावे, कारण आपल्याकडे चर्चा सुरू झाली की सगळे बँकेच्या शाखांवरच बोलत बसतात.

भारतातील उदाहरण हवे असेल, तर चोडोरो-राइश, गीता गोपीनाथ, प्राची मिश्रा आणि अभिनव नारायणन यांचा २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला नोटाबंदीवरील निबंध जरूर वाचावा. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी चलनातील ८६ टक्के मूल्याच्या नोटा रद्द झाल्या. हा निर्णयही देशभर एकच होता. पण नव्या नोटा जिल्ह्याजिल्ह्यांत सारख्या प्रमाणात पोचल्या नाहीत. लेखकांनी रिझर्व्ह बँकेच्या चलन तिजोऱ्यांच्या (बँकांना पुरवायच्या नोटा जिथे साठवतात त्या ठिकाणांच्या) नोंदींवरून कोणत्या जिल्ह्यात किती तुटवडा पडला हे काढले आणि त्याची तुलना रोजगार, बँककर्ज आणि उपग्रहातून दिसणारे रात्रीचे दिवे यांच्याशी केली. त्या तिमाहीत आर्थिक घडामोडींच्या वाढीचा दर किमान दोन टक्के गुणांनी घटला, असा त्यांचा निष्कर्ष आहे. तुमच्या प्रबंधाचा सांगाडा यापेक्षा वेगळा नसावा.

आता आकड्यांच्या दोन अडचणी. पहिली अशी की, कर्ज मंजूर झाले तो जिल्हा आणि वापरले गेले तो जिल्हा हे एक असतीलच असे नाही. चाकणच्या कारखान्याचे कर्ज मुंबईच्या शाखेत मंजूर झाले, तर ते मुंबईच्या खात्यात दिसते. रिझर्व्ह बँकेच्या मूलभूत सांख्यिकी विवरणांत मंजुरीनुसार आणि वापरानुसार अशी दोन्ही वर्गवारी असते, वापरानुसारची घ्यावी.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. श्रमबल सर्वेक्षणात २०२४ पर्यंत नमुन्याची आखणी जिल्ह्याला धरून नव्हती. महाराष्ट्राचे सहा विभाग होते आणि बीड ज्या विभागात पडतो त्यातच छत्रपती संभाजीनगरही येते, म्हणजे वाळूजची औद्योगिक वसाहत आणि बालाघाटचा डोंगरपट्टा एकाच सरासरीत मिसळलेले असतात. जानेवारी २०२५ पासून जिल्हा हा आखणीचा मूळ घटक झाला आहे. त्यामुळे कपातीचा काळ जिल्हा पातळीवर पाहता येईल, दरवाढीचा नाही.

गोदाकाठ

नोटाबंदीचे उदाहरण मला तितकेसे पटत नाही. तो रोकडीचा धक्का होता, व्याजदराचा नव्हे. शिवाय त्यात एकाच जिल्ह्याच्या आत मोठी तफावत होती. १४ नोव्हेंबर २०१६ रोजी रिझर्व्ह बँकेने जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना जुन्या नोटा स्वीकारण्यास मनाई केली. ज्या गावात तीच एक शाखा होती, तिथल्या लोकांना तालुक्याच्या रांगेशिवाय पर्याय राहिला नाही. जिल्ह्याचा एकच आकडा घेतला की ही गोष्ट पुसली जाते.

आलेख_आणि_अंदाज

मान्य, उदाहरण मी पद्धतीसाठी दिले होते, धक्क्याच्या स्वरूपासाठी नव्हे. जिल्ह्याच्या आतील तफावतीचा तुमचा मुद्दा मात्र व्याजदराच्या अभ्यासालाही तितकाच लागू आहे आणि तालुकावार आकड्यांशिवाय त्याला उत्तर देता येणार नाही.

फडकरी

इथपर्यंतची सगळी चर्चा कर्जदाराभोवती फिरली, पण प्रश्नात ‘रोजगार’ हा शब्द आहे आणि बीडचा रोजगार बऱ्याच अंशी बीडमध्ये नसतो.

ऊसतोडीचेच घ्या. दसरा-दिवाळीच्या सुमाराला नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक कोयता, पश्चिम महाराष्ट्र किंवा कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघते. त्याआधी मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते आणि हंगामभर टनावर तोडणी करून ती फेडायची असते. फिटली नाही, तर बाकी पुढच्या हंगामावर चढते. ही उचल कर्जच आहे, मात्र तिच्या बदल्यात व्याजापेक्षा मजुराची बांधिलकी घेतली जाते. कारखाने तोडणी-वाहतूक ठेकेदारांना जो पैसा पुरवतात त्यामागे बँकेचे कर्ज असते, म्हणजे साखळीच्या वरच्या टोकाला व्याजदर आहे. पण मुकादमाच्या वहीपर्यंत येईतो त्याचा मागमूस राहत नाही. तोडणीचा दरही साखर संघ आणि मजूर संघटना यांच्यातील करारातून ठरतो. २०२४ च्या सुरुवातीला झालेल्या करारात ३४ टक्के वाढ मिळाली. ती वाढ रेपो दर ६.५० टक्के असताना मिळाली, हे विसरून आलेख काढला तर दर चढल्याने मजुरी वाढली असा विनोदी निष्कर्ष हाती येईल.

दुसरीकडे, याच जिल्ह्यातील मुले वाळूज आणि चाकणला कंत्राटी कामावर आहेत. तिथला रोजगार वाहनांच्या खपावर चालतो, आणि नवे वाहनकर्ज काढणाऱ्याला दर उतरल्याचा फायदा मिळतो. मागणी वाढली की पाळी वाढते, जादा काम मिळते, आणि गावी पाठवायची रक्कम वाढते. म्हणून माझे म्हणणे असे की, व्याजदर बीडमध्ये आलाच, तर तो बँकेच्या शाखेतून कमी आणि वाळूजच्या हजेरीपटावरून जास्त येतो. ब्लँचार्ड आणि कॅट्झ यांनी १९९२ मध्ये अमेरिकी राज्यांबद्दल दाखवले होते की, एखाद्या राज्यात नोकऱ्या घटल्या की लोक बाहेर पडतात आणि काही वर्षांत बेकारीचा दर पूर्ववत होतो. आपल्याकडे माणूस बाहेर पडतो, पण कुटुंब, शिधापत्रिका आणि जमिनीचा तुकडा मागेच राहतो, आणि काम गेले की तो परत येतो. २०२० च्या टाळेबंदीत हे सगळ्यांनी पाहिले. तेव्हा बीडचा ‘उघडेपणा’ मोजताना बीडमधली कर्जे मोजून थांबू नये. बीडची माणसे जिथे काम करतात तिथल्या उद्योगांचा उघडेपणाही मोजावा.

बालाघाट_वाचक

सर्वांचे मनापासून आभार. आता मी विषय असा बदलत आहे: मराठवाड्यातील आठही जिल्हे, काळ जानेवारी २०२५ नंतरचा, आणि उघडेपणाची दोन मापे, एक बाह्य निकषाशी जोडलेल्या कर्जांच्या हिश्श्याचे आणि दुसरे स्थलांतराच्या ठिकाणांचे. दुसऱ्या मापासाठी २०११ च्या जनगणनेनंतरचे आकडे नसल्याने दोन-तीन तालुक्यांत स्वतः पाहणी करावी लागेल. ती कोणत्या महिन्यात करावी?

फडकरी

मे किंवा जूनमध्ये. हंगाम संपून टोळ्या परतलेल्या असतात, मागच्या उचलीचा हिशेब ताजा असतो आणि नव्या उचलीची बोलणी सुरू झालेली असतात. दिवाळीनंतर गेलात तर घरी म्हातारी माणसे आणि लहान मुलेच भेटतील.

जुना_शाखाधिकारी

एक पुरवणी. १ मे २०२५ रोजी महाराष्ट्र ग्रामीण बँक आणि विदर्भ कोकण ग्रामीण बँक यांचे एकत्रीकरण झाले. मराठवाड्याच्या जिल्हावार आकड्यांत त्याने फरक पडू नये, पण राज्याच्या बँकवार बेरजेशी तुलना करायची असेल, तर आधीच्या तिमाहींत दोन्ही बँकांचे आकडे मिळवून घ्यावेत.