बॉल जॉइंट मागवण्याआधी किंगपिन बघा
तुमच्या १९६८च्या फोर्ड एफ-१००चं स्टिअरिंग सरळ रस्त्यावरही भरकटतं, असं तुम्ही विचारलंत, आणि त्यावर कुणीतरी बॉल जॉइंट (चाक ज्यावर वळतं तो गोळीदार सांधा) बदलायचा सल्ला दिलाय. जरा थांबा. १९६५पासून या टू-व्हील-ड्राइव्ह पिकअपला पुढे ट्विन आय-बीम (प्रत्येक चाकाला वेगळा बीम असलेलं सस्पेंशन) आलं, आणि तुमच्या गाडीत चाक वळतं ते बॉल जॉइंटवर नाही, तर किंगपिनवर, म्हणजे बीमच्या टोकातल्या जाड उभ्या पिनवर. आपल्याकडच्या जुन्या ट्रकच्या मिस्त्रींना हा शब्द तोंडपाठ असतो.

गाडी स्टँडवर घ्या, चाक वर-खाली धरून हलवा. मग कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. चाकाचा प्ले (ढिलेपणा) गेला तर व्हील बेअरिंग सैल आहे. राहिला तर बहुतेक किंगपिनच.

खरं काम बुशचं, म्हणजे किंगपिन ज्यात बसते त्या नळीसारख्या तुकड्यांचं. प्रत्येक बाजूला दोन, आणि बुशचं भोक ग्रीस भरायच्या निपलसमोर यायलाच हवं. मी एकदा अंदाजाने ठोकलं, ग्रीस आत गेलंच नाही, सगळं परत उघडावं लागलं. ब्रॉन्झचे बुश बसल्यावर रीमर (भोक नेमक्या मापाचं करायचं हत्यार) मारावा लागतो. पिन तेल लावून हाताच्या दाबाने सरकली पाहिजे. रीमर नसेल तर स्पिंडल (चाक आणि हे बुश बसतात तो भाग) मशीन शॉपमध्ये द्या, पण पिन हातोडीने घुसवू नका, कळकळीने सांगतो.

हात लागलाच आहे तर रेडियस आर्मचं (बीमला मागे चेसिसशी जोडणारा दांडा) मागचं रबर पण बघा. ब्रेक मारताना 'ठक' आवाज येत असेल तर तेच गेलंय. आणि स्प्रिंग बसल्या असतील तर अलाइनमेंटच्या आधी बदला. गाडीची उंची बदलली की या बीमवर कॅम्बरही (चाकाचा आत-बाहेरचा कल) बदलतो.