पदवी नाही म्हणून नाद सोडू नये
आर्वीच्या डिप्लोमाधारक दादांनी विचारले आहे की, कालव्यांच्या कामावर उमेदीची वर्षे घालवल्यावर, भावाकडे कॅलिफोर्नियात जाऊन पदवीशिवाय अभियंत्याचा परवाना मिळेल का. त्यावर ‘पदवी नाही, तर नाद सोडा’ असे जे उत्तर आले, ते मला अजिबात पटत नाही. अमेरिकेत परवाना प्रत्येक राज्य स्वतंत्रपणे देते आणि अनेक राज्यांत पदवी लागतेच, हे खरे. परंतु कॅलिफोर्नियात सहा वर्षांचा पात्र अनुभव सिद्ध करून, आधी ११० प्रश्नांची एफई (अभियांत्रिकीच्या मूलतत्त्वांची) आणि मग पीई (व्यावसायिक अभियंत्याची) परीक्षा देता येते. स्थापत्यवाल्यांना भूकंपशास्त्रीय तत्त्वे व सर्वेक्षण असे आणखी दोन पेपर असतात. खरी कसोटी अनुभवाच्या दाखल्याची आहे, कारण आपले काम जवळून पाहिलेल्या परवानाधारक अभियंत्यांनी त्याची ग्वाही द्यावी लागते. म्हणून कामाची वही आजपासूनच तारीखवार ठेवावी, ही कळकळीची विनंती.

आपल्याकडे एएमआयईचा, म्हणजे इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स या संस्थेच्या परीक्षेचा, मार्ग होता. मी दारव्ह्याहून पहाटेच्या एसटीने, ड्रॉइंगचे कागद युरियाच्या रिकाम्या पोत्यात गुंडाळून, नागपूरला पेपर द्यायला जात असे. पावसाळ्यात कागदाचा एक कोपरा जरी भिजला, तरी जीव कासावीस होई. मात्र ३१ मे २०१३ नंतर नाव नोंदवणाऱ्यांना एएमआयईची पदवीसमकक्ष मान्यता मिळत नाही, त्यामुळे शुल्क भरण्यापूर्वी दादांनी ही तारीख ध्यानात घ्यावी.