ताईच्या कॅन्सर उपचारांसाठी क्राउडफंडिंग करायचं आहे, सल्ला हवा

कृष्णाकाठ:
नमस्कार मंडळी. माझी मोठी बहीण, वय ४१, सांगलीजवळ खेड्यात राहते. स्तनाचा कॅन्सर, त्यातला हर-टू पॉझिटिव्ह प्रकार. ऑपरेशन आणि किमो झाली. आता ट्रॅस्टुझुमॅब हे इंजेक्शन दर २१ दिवसांनी, वर्षभर घ्यायचं आहे. दाजींची दोन एकर द्राक्षबाग आहे, तिच्यावर सोसायटीचं कर्ज. ऑपरेशनच्या वेळी ताईच्या पाटल्या मोडल्या. लोकांकडून ऑनलाइन पैसे जमवायच्या मिलाप, केटो, इम्पॅक्टगुरू या साइट्सची नावं ऐकली आहेत. कुणी स्वतः केलंय का? दाजी मात्र तयार नाहीत. "लोकांपुढे हात पसरायचा का?" म्हणतात. पुढचा डोस दहा दिवसांवर आलाय.

डोंबिवलीकर:
लिंक तयार करण्याआधी एक काम करा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का ते बघा. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेसाठी मदत करणाऱ्या माणसाचं, टेबल असतं. तिथे रेशनकार्ड, आधार आणि बायोप्सीचा रिपोर्ट घेऊन जा आणि हे इंजेक्शन पॅकेजमध्ये आहे का ते विचारा. ही योजना कॅशलेस आहे, म्हणजे मंजुरी उपचारांआधी घ्यावी लागते. खिशातून केलेला खर्च मागाहून मिळत नाही. आमच्या मामींच्या वेळी हे माहीत नव्हतं आणि पहिल्या दोन किमोंचे पैसे गेले, म्हणून इतकं बजावून सांगतोय. रुग्णालय धर्मादाय असेल तर समाजसेवा विभागात भेटा. अशा रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांतल्या रुग्णांसाठी ठेवाव्या लागतात. उत्पन्नाचा दाखला लागतो, तो तहसीलमधून आजच काढायला टाका.

आणखी एक, डॉक्टरांना बायोसिमिलर (मूळ औषधासारखंच, दुसऱ्या कंपनीनं बनवलेलं औषध) चालेल का विचारा. ट्रॅस्टुझुमॅबचं भारतीय बायोसिमिलर २०१४ पासून मिळतंय आणि मूळ ब्रँडपेक्षा स्वस्त पडतं. एवढं करून जो आकडा उरेल, तोच लोकांकडे मागा.

पारिजात:
डोंबिवलीकरांशी सहमत. मी धाकट्या भावासाठी केलं होतं, रक्ताचा कॅन्सर. प्लॅटफॉर्मचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तो निवडण्यात मी आठवडा घालवला आणि फरक पडला तो भलत्याच गोष्टीनं.

पहिले दोन दिवस मी नुसती लिंक ग्रुपवर टाकत होते. अंगठे आले, पैसे नाहीत. तिसऱ्या दिवशी आईनं ट्रंकेतून माझ्या लग्नाची आहेराची वही काढली. जांभळ्या शाईत नावं, पुढे रुपये ५१, रुपये १०१, स्टीलचा डबा. त्या वहीतल्या एकेकाला तिनं फोन लावला. एका वेळी एकच माणूस, आधी चौकशी, मग आजाराचं, मग "लिंक पाठवते रे". निम्म्याहून जास्त रक्कम त्या वहीतून उभी राहिली. दाजींना हे सांगा. त्यांनीही आजवर कितीजणांच्या घरी आहेर केला असेल, कुणाच्या दवाखान्याला धावले असतील. गावात देणंघेणं असंच चालतं, त्यात हात पसरणं नाही.

आता व्यवहाराचं. पैसे थेट रुग्णालयाच्या खात्यात जातील असं निवडा. दाजींच्या खात्यावर क्यूआर कोड लावून गोळा करू नका. नातेवाइकांखेरीज इतरांकडून वर्षात ५० हजारांवर रक्कम आली तर ती करपात्र उत्पन्नात धरली जाऊ शकते, शिवाय लोकांनाही शंका येते. रुग्णालयाचं सहीशिक्क्याचं एस्टिमेट जोडा. पैसे भरताना 'टिप' म्हणून आधीच भरलेला आकडा दिसतो. तो रुग्णाला नाही, प्लॅटफॉर्मला जातो, आणि तो शून्य करता येतो. फोनवर प्रत्येकाला हे सांगा. वयस्कर माणसांच्या लक्षात येत नाही. जाहिरातीचं पॅकेज घ्या म्हणून फोन येतील. आम्ही घेतलं आणि जमलेल्यातला मोठा हिस्सा त्यातच गेला. तुम्ही घेऊ नका.

आणि फोटो. आम्हाला सल्ला मिळाला होता, नळ्या लावलेला, केस गेलेला फोटो टाका. भावानं स्पष्ट नाही म्हटलं. मग अंगणात सायकल पुसतानाचा जुना फोटो टाकला. ताईंना विचारल्याशिवाय एकही फोटो टाकू नका, आजाराचं किती सांगायचं तेही त्यांनाच ठरवू दे.

गावशिवार:
दहावीच्या बॅचचा ग्रुप विसरू नका. आमच्या बॅचनं सरांच्या किमोसाठी असंच जमवलं. प्रत्येक डोसनंतर दोन ओळी आणि बिलाचा फोटो टाकायचो, नाव, पत्ता, फाइल नंबर झाकून. पुढच्या डोसला न सांगता पैसे यायचे. ८०-जीची, म्हणजे प्राप्तिकरात सवलतीसाठी लागणारी, पावती मागणारे भेटतील. व्यक्तीच्या नावच्या मोहिमेला ती मिळत नाही, नोंदणीकृत संस्थेमार्फत केलं तरच. आधीच सांगितलेलं बरं.

कृष्णाकाठ:
खूप आभार सगळ्यांचे. पारिजातताई, तुमचा प्रतिसाद दाजींना मोठ्यानं वाचून दाखवला. काही बोलले नाहीत. थोड्या वेळानं ताईनंच कपाटावरची पिशवी काढली, त्यात त्यांच्या लग्नाची वही निघाली. फोटो तिनं निवडलाय, बागेत द्राक्षाच्या पेट्या भरतानाचा. उद्या सकाळी आरोग्यमित्राकडे जातोय, एस्टिमेटचा अर्जही तिथेच देतो. मंजुरीचं काय होतं ते इथेच लिहीन.