रणातली गावं आणि त्यांचं पाणी : बडोदेकरांनो, तुमचे अनुभव लिहा

दांडिया बाजार (धागा काढणारी)

कच्छ आपल्यापासून रात्रभराच्या प्रवासावर. पौर्णिमेचं पांढरं रण आणि तंबू बघून आलेले आपल्यात पुष्कळ आहेत. पण तिथल्या गावात राहिलेले, कामानिमित्त गेलेले, माणसांशी ज्यांचं नातं जडलं, असेही आहेत. माझे वडील बन्नीत, म्हणजे कच्छमधल्या गवताळ प्रदेशात, गुरांना लस टोचायला जायचे आणि घरी यायचे ते पाण्याच्याच गोष्टी घेऊन. इतक्या कमी पावसात गाव वसतं कसं, टिकतं कसं आणि उठतं कशामुळे, हे डोळ्यांनी पाहिलेल्यांनी लिहा. हातचं राखू नका.

कारेलीबाग

ताई, वडिलांनी विरड्यांबद्दल नक्की सांगितलं असणार. मी संशोधनाच्या निमित्ताने बन्नीत राहिले, तेव्हा एका मालधारी, म्हणजे गुरं पाळणाऱ्या, कुटुंबाकडे उतरले होते. तिथली जमीन खारी, खालचं पाणीही खारं. पावसाळ्यात सखल जागी तळं साचतं. ते आटलं की त्याच्याच तळाशी खड्डे खणतात, तेच विरडे. मुरलेलं पावसाचं पाणी हलकं, म्हणून ते खाऱ्या पाण्याच्या वर राहतं. खड्डा त्या गोड थरापर्यंतच न्यायचा. हाव धरून आणखी खोल गेलात की खारं वर येतं. कडेने लाकडांची चौकट रचून फटींत गवत दाबतात, त्यामुळे माती ढासळत नाही आणि पाणी गाळून येतं. खणायची जागा घरातले आजोबा उतार पाहून सांगत. शाळेचं तोंड न पाहिलेल्या त्या माणसाकडून मी भूजल शिकले, असं मी आजही माझ्या विद्यार्थ्यांना सांगते.

त्यांच्या म्हशी रात्री चरायला जातात, आपल्या आपण, आणि सकाळी धारेच्या वेळेला परततात. उन्हात जनावर तापत नाही, पाणीही कमी लागतं. याच बन्नी म्हशीला २०१० साली स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. ती जात पिढ्यान् पिढ्या निवडून घडवली ती या लोकांनी.

आणि गांडो बावळ. रण पुढे सरकू नये म्हणून १९६०च्या दशकात लावलेलं हे परदेशी झाड गवतावरच पसरलं. त्याचा कोळसा पाडून आज काही घरं चालतात, हे मला मान्य आहे. तरी गवत गेलं तर म्हशी जातील आणि म्हशी गेल्या तर मालधारी कशावर जगेल? माझ्या लेखी नुकसान मोठं आहे.

फतेगंज

२००१च्या भूकंपानंतर आम्ही काही मित्र धान्य आणि ब्लँकेटं घेऊन गेलो होतो. भुजमध्ये दगडी वाडे आणि काँक्रीटच्या इमारती दोन्ही कोसळलेल्या. पुढे खावड्याच्या बाजूला गेलो तर मातीचे गोल भुंगे (तिथल्या घरांना भुंगा म्हणतात) कितीतरी ठिकाणी उभे. गोल भिंतीला कोपरा नाही, त्यामुळे धक्का एका जागी साठत नाही, आणि वर गवताचं हलकं छप्पर. एका भुंग्यात बाई भिंतीला पडलेल्या चिरा लिंपत होत्या. आम्हाला आधी बसवलं, पाणी दिलं, मग सामान उतरवू दिलं.

मांजलपूर

गाव उठतं कशामुळे, असं विचारलंत म्हणून कच्छमधल्या लखपत या जुन्या बंदराबद्दल. सात किलोमीटरचा कोट आणि आत मोजकी घरं. १८१९च्या जूनमध्ये मोठा भूकंप झाला, उत्तरेला जमीन उचलली जाऊन लांबलचक बांध तयार झाला. लोक त्याला अल्लाबंद म्हणतात. सिंधूचा जो फाटा कच्छकडे येत होता त्याचं पाणी त्यामुळे तुटलं. बंदर संपलं, भातशेती संपली. कोटावर उभं राहिलं की समोर चिखलट, खारा सपाट पट्टा दिसतो. तिथून गलबतं जायची हे पटवून घ्यायला मला बराच वेळ लागला. राहिलेले मात्र राहिले आहेत. गुरुद्वाऱ्यात आम्हाला लंगर मिळाला.

रावपुरा

मी छोट्या रणात, खाराघोड्याकडे, अगरियांच्या, म्हणजे मीठ पिकवणाऱ्यांच्या, मुलांना शिकवायला जात असे. पावसाळा सरला की ही कुटुंबं रणात उतरतात आणि उन्हाळा संपेपर्यंत तिथेच झोपडीत राहतात. जमिनीखालचं अतिखारं पाणी उपसून पाट्यांत, म्हणजे मिठाच्या उथळ वाफ्यांत, सोडायचं, ते दाट होत जातं, मग मिठाचा खडा धरतो. रोज दाताळ्याने पाट्यातलं मीठ हलवायचं, नाहीतर ते थरासारखं घट्ट बसतं. पूर्वी डिझेलच्या इंजिनातच कमाई जळायची. आता सौरपंपांनी तो खर्च पुष्कळ कमी केला. पण अवकाळी पाऊस एकदा पडला की पाट्यातलं सगळं विरघळतं. चारी बाजूंना पाणीच उपसणाऱ्या या घरांना पिण्याचं पाणी मात्र टँकरने येतं, आणि तो चुकला की शाळेतली मुलं घरी पळायची, कारण हंडे भरायला माणूस कमी पडायचं.

दांडिया बाजार

कारेलीबागच्या ताई, एक शंका. एका विरड्याचं गोड पाणी किती टिकतं?

कारेलीबाग

पाऊस किती मुरला त्यावर आहे. काही महिने पुरतं, चांगल्या वर्षी उन्हाळाही निभावतो. चव खारट लागायला लागली की माणसांनी प्यायचं थांबवून तो विरडा गुरांना सोडतात आणि शेजारी नवा खणतात. रावपुऱ्याच्या दादांनी रणशाळेबद्दल आणखी लिहावं, मुलं पावसाळ्यात गावी परतल्यावर त्यांच्या शिक्षणाचं काय होतं ते.