मॅनोज साखर आणि केमोथेरपी : मदत हवी आहे

माझ्या आत्याची स्वादुपिंडाच्या कर्करोगासाठी केमोथेरपी सुरू आहे. ग्लासगोच्या संशोधकांनी २०१८ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवले होते, की पाण्यातून मॅनोज दिलेल्या उंदरांच्या गाठींची वाढ मंदावते, कारण ही साखर कर्कपेशींत साचून ग्लुकोजच्या वापरात अडथळा आणते, मात्र ज्या पेशींत पीएमआय हे मॅनोज वापरात आणणारे विकर (एन्झाइम) भरपूर असते, तिथे ती फारशी चालत नाही. हे वाचून आतेभावाने मूत्रसंसर्गासाठी विकली जाणारी मॅनोजची पावडर आणली आहे. डबा मी सील न फोडता फडताळात ठेवला आहे, कारण उंदरांवरून आत्याचा डोस ठरवणे मला पटत नाही. बायोप्सीच्या ब्लॉकवर (मेणात जपून ठेवलेल्या गाठीच्या तुकड्यावर) पीएमआयची तपासणी आपल्याकडे कुठे होते का, आणि माणसांवरील चाचण्यांविषयी ऑन्कोलॉजिस्टना नेमके काय विचारावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.