पीसीओएस: शीत (भात) सोडायचे की मोजायचे?

अबोली_फोंडा:
पीसीओएस (अंडाशयातल्या हार्मोनच्या गडबडीचा आजार) आहे. वय 29, वजन 72 किलो, पाळी 40-45 दिवसांनी. मूल हवे आहे. थायरॉइड, साखर नॉर्मल. सकाळी पेज-लोणचे, दोन्ही वेळा उकड्या तांदळाचे शीत, हुमण (माशांची आमटी), तळलेले नुस्ते (मासे). सगळे म्हणतात भात बंद कर, नाचणीची तिजाण खा. नेमके काय बदलू? आणि ओव्ह्युलेशनच्या (बीज सुटण्याच्या) पट्ट्या सलग सहा दिवस पॉझिटिव्ह आल्या, म्हणजे काय?

मडगावकर_आहार:
भात बंद करू नका, महिनाभरात पुन्हा सुरू होतो. मोजा. कच्चे 45 ग्रॅम तांदूळ म्हणजे शिजून साधारण वाटीभर, एका जेवणाला तेवढेच. खरी गडबड सकाळी आहे. पेज-लोणच्यात प्रथिने जवळजवळ नाहीत, नुसते पिष्ट आणि मीठ, म्हणून अकरा वाजता परत भूक. पेजेचे भांडे अर्धे करा आणि सोबत दोन अंडी (12 ग्रॅम प्रथिने) किंवा उकडलेल्या मुगांची उसळ घ्या.

तिजाण गूळ-नारळाच्या दुधाची असते, वर बारीक पिठाची पातळ खीर. साखर भराभर चढते. नाचणी खायचीच तर भाकरी, आणि बरोबर अळसांद्यांचे (चवळीचे) तोणाक (रस्सा). बांगडा, तारले हुमणात किंवा तव्यावर चमचाभर तेलात. रवा लावून तळलेले आठवड्यातून एकदा. मोरी (शार्क) टाळा, तिच्यात पारा जास्त असतो. दोन जेवणांत तांबडी भाजी (लाल माठ) वाटीभर हवीच.

उद्दिष्ट 5 टक्के, म्हणजे साडेतीन किलो. तेवढ्यानेही अनेकींचे ओव्ह्युलेशन परत सुरू होते, कारण इन्शुलिन उतरले की अंडाशयातला पुरुषी हार्मोनचा जोर कमी होतो. जेवणानंतर 15 मिनिटे चाला.

लॅबवाली:
पट्ट्यांवर भरवसा ठेवू नका. पीसीओएसमध्ये एलएच (पट्टी मोजते तो बीज सोडायला लावणारा हार्मोन) मुळातच चढलेला असू शकतो, म्हणून रोज दोन रेघा दिसतात. त्यापेक्षा प्रोजेस्टेरॉन (बीज सुटल्यावर वाढणारे हार्मोन) तपासा, पण "21व्या दिवशी" नको, तो हिशेब 28 दिवसांच्या पाळीचा. तुमची 42 दिवसांची धरली तर 35व्या दिवशी, म्हणजे पाळीच्या आठवडाभर आधी. मिलिलिटरमागे 3 नॅनोग्रॅमच्या वर आले तर बीज सुटले. कमी आले तर आठवड्याने परत, पाळी येईपर्यंत. नवऱ्याची वीर्यतपासणी याच महिन्यात उरका (2 ते 7 दिवस संयम ठेवून), नाहीतर वर्षभर एकटी बायकोच पथ्य करते.

म्हापसेकर_फार्मा:
फॉलिक अ‍ॅसिड आताच सुरू करा: रोज 400 मायक्रोग्रॅम. दुकानात सहज हाती येते ती 5 मिलिग्रॅमची, साडेबारा पट; कुठली घ्यायची ते डॉक्टरना विचारा. पाळी येण्याआधीच बीज सुटते, म्हणजे पाळीची वाट न बघताही गर्भ राहू शकतो. मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी, पीसीओएसलाही देतात) लिहून दिले असेल तर बी12 अधूनमधून तपासा. आणि आहारापायी वर्ष घालवू नका. इतक्या अनियमित पाळीला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे आताच जा, बीज सुटण्यासाठी लेट्रोझोल हे पहिले औषध आहे, आहार त्याच्या जोडीला.

अबोली_फोंडा:
पोयी (गोव्याचा कोंडा लावलेला पाव) चालेल का?

मडगावकर_आहार:
फोडून बघा. वरचा कोंडा नुसता भुरभुरलेला असतो. आत पांढराशुभ्र मऊ गर दिसला तर तो मैदाच. आत करडी असेल तर अर्धी पोयी, अंड्याबरोबर.